देवाच्या पेटीचे दांडे

एका राज्यात देव मुक्कामाला होता. कायमचा राहायला आलो आहे, असे तो कधी म्हणाला नव्हता, आणि त्याला तसे विचारायचे धाडसही कुणी केले नव्हते.

त्या राज्याचे लोक मूळचे फिरस्ते. शेळ्यांच्या केसांचे तंबू, पाठीवर बिऱ्हाड, पुढे शेरडेमेंढरे, मागे पोरेबाळे. अशा चालत्या लोकांना एका उजाड डोंगरावर त्यांचा देव भेटला. ढगात बसून तो बोलला, आणि बोलला तो थेट सुतारासारखा. मला राहायला एक पेटी करा, म्हणाला. बाभळीच्या लाकडाची करा. अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. आतून-बाहेरून सोन्याने मढवा. चार पायांशी सोन्याच्या चार कड्या बसवा. बाभळीचेच दोन दांडे करा, तेही मढवा, आणि पेटी उचलता यावी म्हणून कड्यांतून ओवा. दिवा कराल तो सोन्याच्या एकाच गोळ्यातून ठोकून काढा. खोड, फांद्या, कळ्या, फुले सगळे एका अंगाचे हवे, डाग देऊन जोडलेले नको. हातपाय धुवायचे घंगाळ बायकांचे काशाचे आरसे वितळवून करा. वेदी रचाल तिच्या दगडांना छिन्नी लावू नका.

जगात चंदन होते, साग होता, शिसव होते. देवाने मागितली बाभूळ, कारण त्या माळावर तीच उगवत होती. आहे त्यात भागवणारा देव होता तो.

शेवटी त्याने दोन गोष्टी बजावल्या. पहिली, यातले काहीही हुकमाने घेऊ नका. ज्याच्या मनाला वाटेल त्यानेच द्यावे. दुसरी, दांडे एकदा कड्यांत ओवले की पुन्हा काढू नका. का काढू नका, ते त्याने सांगितले नाही.

पुढे त्या लोकांना नदी सापडली, काळी जमीन सापडली. तंबूंची घरे झाली, म्होरक्याचा राजा झाला, आणि पेटीभोवती दगडी देऊळ उभे राहिले. गवंड्यांनी पेटीचे माप धरले, दांड्यांचे धरायचे विसरले. त्यामुळे गाभारा आखूड झाला आणि दांड्यांची टोके पडद्याबाहेर वीतभर डोकावू लागली. पण लोकांना त्या टोकांचाच जिव्हाळा. परगावी निघालेला माणूस टोकाला हात लावून निघे. सासरी निघालेली मुलगी तिथे कपाळ टेकवी. तान्ह्या लेकरांना कडेवर घेऊन आया म्हणत, "बघ, देव निघायच्या तयारीत आहे. आज आहे, तर हात जोड."

या राज्यावर सुकेतू नावाचा राजा राज्य करीत होता.

सुकेतू रांगत होता तेव्हाच त्याचे वडील लढाईत पडले. त्याची आई धारिणी तेव्हा अगदी तरुण होती. तिच्या माहेरची माणसे तिला न्यायला आली, पालखी दाराशी उभी राहिली, आणि सायंकाळी ती पालखी रिकामीच परत गेली. धारिणीने पोराला मांडीवर घेऊन दरबार चालवला, त्याला घोड्यावर बसवले, अक्षर शिकवले, आणि मिसरूड फुटल्यावर सिंहासनावर बसवून आपण बाजूला झाली. राजा शहाणा निघाला. न्यायाला चोख, लढाईला धीट. पण आईचा विषय निघाला की त्याचे सारे शहाणपण गळून पडे आणि तो पुन्हा रांगणारे पोर होई.

एका वर्षी दोन गोष्टी बरोबरच आल्या. राणी मृगावतीचे दिवस भरत आले, आणि राजमाता धारिणी अंथरुणाला खिळली. सुइणी हसत येत होत्या, वैद्य मान हलवत जात होते. शेवटी एका वैद्याने राजाला स्पष्ट सांगितले, "महाराज, आता औषध नको. जवळ बसा."

जवळ बसायचे सोडून राजा तडक देवळात गेला. पडद्याबाहेर दांड्यांची टोके दिसत होती, नेहमीसारखीच. आजवर ती त्याला कधी खुपली नव्हती, आज खुपली. जिथे देवच कमरेला शेला बांधून बसला आहे, तिथे माणसे कशी टिकतील, असे त्याच्या मनात आले. देव अडला तर सगळेच अडतील. आईसुद्धा.

पेटीची राखण करणारा वृद्ध पुजारी आर्यक तिथेच बसला होता.

"आर्यक, हे दांडे काढा."

"महाराज, तशी आज्ञा नाही."

"ही राजाची आज्ञा आहे."

"देवाची नाही."

"मग कारण सांगा."

"कारण सांगितलेलं नाही, महाराज. माझ्या आजोबांना ठाऊक नव्हतं, मलाही नाही."

"कारण नाही ती आज्ञा कसली?" असे म्हणून राजाने पडदा सारला आणि आपल्या हातांनी दांडे ओढले. ते निघाले, आणि इतके सहज निघाले, की आपले काही चुकत असेल अशी शंकासुद्धा त्याला आली नाही. खरे तर तिथेच त्याने थांबायला हवे होते. चार कड्या रिकाम्या झाल्या, जराशा हलल्या आणि स्तब्ध झाल्या.

दांड्यांवरचे सोने सोलून राजाने सोनाराकडे दिले आणि येणाऱ्या बाळाच्या पाळण्याला त्याची घुंगरे करवली. आईला थंडी वाजत होती, म्हणून लाकूड तिच्या खोलीतल्या शेगडीत घातले. बाभळीचा निखारा चांगला फुलतो. खोली उबदार झाली.

आणि राजमाता गेली नाही. वैद्य तोंडात बोटे घालून उभे राहिले. राजाने हत्तीवरून साखर वाटली.

सुरुवातीचा काही काळ राज्यात आनंदीआनंद होता. माहेरी आलेल्या लेकी राहिल्या. पाहुणे राहिले. थंडीत आलेले करकोचे उन्हाळा आला तरी नदीकाठी उभे राहिले, आणि लोक म्हणाले, बघा, पाखरांनाही आपले राज्य आवडले. मग हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. लेकी सासरी निघाल्या की वेशीबाहेर पडत आणि चालता चालता त्याच वेशीतून पुन्हा आत येत. चुलींचा धूर घरातून बाहेर जाईना. नदी तळ्यासारखी उभी राहिली आणि तिला वास येऊ लागला. गाईंच्या कासा तटतटल्या, पण दूध उतरेना. पेरलेले बी मातीत जागे होते, वर येत नव्हते. आणि या सगळ्याचे रडू यावे, तर डोळ्यांत आलेले पाणी डोळ्यांतच थांबे, गालावर काही उतरत नसे.

राणी मृगावतीचे दिवस भरले, आणि भरलेलेच राहिले. बाळ आत हालचाल करी, पण बाहेर येण्याची वाट त्याला सापडेना. सुइणी राणीला धीर देत आणि बाहेर आल्या की एकमेकींकडे बघत. इतके दिवस आत कोंडलेले लेकरू किती तग धरणार, हे बोलायची कुणाची छाती नव्हती.

राजमातेचा श्वास मात्र चालू होता. चालू होता म्हणजे घशाशी येई, तिथे अडखळे आणि मागे फिरे. रात्रंदिवस तो आवाज महालात ऐकू येई. राजाला तो ऐकवत नसे. तो रोज आईच्या दारापर्यंत जाई, दासीला विचारी, "कशी आहे?" दासी म्हणे, "आहेत." आणि तो तिथूनच परत फिरे. जिला ठेवण्यासाठी त्याने देवाची आज्ञा मोडली, तिच्या खोलीत त्याने पाऊल टाकले नाही.

एके दुपारी सुईण धावत आली. बाळाची हालचाल मंद झाली होती. राजा आर्यकाकडे गेला आणि यावेळी उभा न राहता खाली बसला.

"आर्यक, उपाय सांगा."

"दांडे काढले, महाराज. दांडे घाला."

"ते जळले."

"मग नवे करा. बाभळीचं लाकूड हवं. त्याला मढवायला सोनं हवं. आणि तिसरी एक वस्तू हवी, तिचं नाव वेळ आल्यावर कळेल. तिन्ही कुणीतरी आपल्या मनानं दिलेल्या हव्यात. हुकूम चालणार नाही."

सवय म्हणतात ती अशी, की राजा बाहेर आला आणि त्याने पहिला हुकूमच सोडला. सैनिक गेले, बाभळी तोडून घेऊन आले. सुतारांनी तासून सुबक दांडे केले. पण कडीजवळ नेले की दांडा फुगे, मनगटाएवढा होई, मुठीएवढा होई, आणि कडीत काही शिरत नसे. तेव्हा राजाने मुकुट उतरवला, कुऱ्हाड घेतली आणि एकटा बाभूळवनात गेला.

वनाच्या मधोमध उभ्या पाण्याच्या काठी एक जुनी बाभूळ होती. तिच्या फांद्यांवर सुगरण पक्ष्यांची घरटी इतकी लोंबत होती, की झाड एका अंगाला झुकले होते. एका घरट्याच्या तोंडाशी एक सुगरण चोचीत किडा घेऊन बसली होती. घरट्यातून तिच्याएवढीच चार पिल्ले चोची वासून होती. राजाला पाहून तिने किडा गिळला.

"कोण तू?"

"मी राजा सुकेतू."

"राजाला इथे काही मिळत नाही."

"मग मी सुकेतू. मला या झाडाचं लाकूड हवं आहे. देवाच्या पेटीला दांडे करायचे आहेत."

"दांडे होते की. ते का काढलेस?"

"गाभाऱ्याचा पडदा नीट लागत नव्हता."

सुगरणीने पाठ फिरवली. राजा उन्हात उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने पुन्हा विचारले, "का काढलेस?"

"राज्याच्या भल्यासाठी. देव राहावा म्हणून."

तिने पुन्हा पाठ फिरवली. ऊन कलले. राजाचे ओठ सुकले. तिने तिसऱ्यांदा विचारले, "का काढलेस?"

"आई जाईल, याची भीती वाटली," राजा म्हणाला.

सुगरणीने घरट्याकडे पाहिले. मग म्हणाली, "ही माझी पिल्लं. यांचे पंख केव्हाच भरले. ज्या दिवशी ती उडायची, त्या दिवशी उडाली नाहीत, तेव्हा मला बरं वाटलं होतं. मी तुला काय बोलणार? आता घरट्यात त्यांना पंख पसरायला जागा नाही, एकमेकांना टोचतात." तिने चोचीने एकेक पिल्लू काढून शेजारच्या झाडावर ठेवले. "ने झाड. मी मनानं देते."

राजाने स्वतः कुऱ्हाड चालवली. सवय नसलेल्या हाताला बाभळीचा एक लांब काटा लागला आणि तळव्यात खोल रुतला. त्याने तो ओढून पाहिला, पण त्या राज्यात आता काहीच निघत नव्हते, काटा तरी कसा निघेल? तसाच हात घेऊन त्याने लाकूड खांद्यावर टाकले आणि घरी आणले.

आता सोने. राजाने तिजोरीतले सोने वितळवून पत्रा ठोकून घेतला आणि दांड्यावर चढवला. तो अळवाच्या पानावरून पाणी ओघळावे तसा ओघळून खाली आला. कराचे सोने ते, कुणी हसत थोडेच दिले होते! मग कुणीतरी राजाला सांगितले, की धर्मशाळेत कालंजर नावाचा मोठा मांत्रिक अडकून पडला आहे.

कालंजर मांत्रिकाचा जगभर दरारा होता. तो बोट दाखवी तिथे वीज पडे, असे सांगत. धर्मशाळेत मात्र तो भिंतीला टेकून डाळ निवडत बसला होता.

"राजा, तुझ्या राज्यात मी एका वेळच्या जेवणाला थांबलो," तो म्हणाला. "तेव्हापासून तेच जेवतो आहे. वेशीतून सात वेळा बाहेर पडलो, वाघ होऊन, वटवाघूळ होऊन. सातही वेळा याच ओसरीवर आलो."

"मला सोनं हवं आहे. मनानं दिलेलं."

"माझं मन अगदी ओसंडून वाहतं आहे," कालंजर म्हणाला, आणि त्याने पायाशी पडलेल्या फुटक्या घागरीवर फुंकर मारली. घागरीची खापरे सोन्याची झाली. राजाने ती नेली, ठोकली, दांड्यावर चढवली. तीही ओघळली. कालंजर बघायला मागोमाग आला होता. त्याने कपाळाला हात लावला.

"मी मनानं दिलं खरं, पण आपण सुटावं म्हणून दिलं," तो म्हणाला. "राजा, जुन्या दांड्यांचं सोनं कुठे आहे?"

राजाचा चेहरा उतरला. ते कुठे आहे, हे त्याला पहिल्यापासून माहीत होते. तिकडे जावे लागू नये म्हणूनच तो बाकी सगळीकडे फिरला होता.

राणी मृगावती पाळण्याजवळ बसली होती. रिकाम्या पाळण्याला ती पायाने झोका देत होती आणि घुंगरे वाजत होती. राजा दारात उभा राहिला.

"मृगावती, ही घुंगरं मला हवी आहेत."

"का?"

"ती पेटीच्या दांड्यांच्या सोन्याची आहेत."

राणीचा पाय थांबला. घुंगरेही थांबली.

"म्हणजे ज्यानं माझं बाळ अडलं, तेच तुम्ही माझ्या बाळाच्या उशाशी बांधलंत," ती म्हणाली. "आणि मी रोज त्याला ते ऐकवत बसले. सांगावंसं नाही वाटलं तुम्हाला?"

"वाटलं होतं. धीर झाला नाही."

"सासूबाईंवर तुमची माया आहे, ती मला कळते. माझीही आहे. पण या महालात आम्ही दोघी अडकलो, आणि तुम्ही कुणालाच काही विचारलं नाही. त्यांना नाही, मला नाही." तिने उठायचा प्रयत्न केला, तिला उठवेना. राजा पुढे झाला, तसा तिने हातानेच नको म्हटले. पाळण्याची दोरी धरून ती उभी राहिली आणि एकेक घुंगरू स्वतः सोडून त्याच्या ओंजळीत टाकू लागली. तिच्या डोळ्यांत पाणी भरले होते आणि तिथेच थांबले होते. "घ्या. मनानं देते. तुमच्यासाठी देत नाही, याच्यासाठी देते."

ते सोने दांड्यांवर चढवले, तेव्हा सालीसारखे बसले. राजा दोन्ही दांडे घेऊन गाभाऱ्यात गेला. आर्यकाने पडदा धरला. राजाने दांड्याचे टोक कडीला लावले आणि ढकलले. टोक कडीला टेकले, अडले, सरकेना. लाकूड फुगले नव्हते, सोने ओघळले नव्हते. माप तंतोतंत होते. तरी दांडा शिरेना.

"आर्यक, आता काय राहिलं?"

"तिसरी वस्तू, महाराज."

"कुणाकडून मागायची?"

"आपल्याकडूनच. दांडे आपण काढलेत. हाताने ढकलता आहात, मनाने मागे ओढता आहात. मला इथून दिसतं आहे."

राजा दांडे तिथेच ठेवून महालात आला आणि आईच्या दाराशी गेला. दासी सवयीने म्हणाली, "आहेत." पण आज तो आत गेला.

खोलीत अजून त्या शेगडीचा धूर होता. ज्या दिवशी दांडे जळले, त्या दिवसाचाच धूर, तसाच लोंबकळत राहिलेला. त्याच्या आड राजमाता पडली होती. ती इतकी लहान झाली होती, की क्षणभर त्याला पलंग रिकामाच वाटला.

"आई."

"आलास?"

"बसू का जवळ?"

"बस की. मी कुठे जाते आहे?"

राजा बसला. मग त्याने सगळे सांगितले. दांडे काढले ते, जाळले ते, सोन्याची घुंगरे केली ते. बाळाची हालचाल मंद झाली ते. आईने डोळे मिटून ऐकले. मधूनमधून तिचा श्वास घशाशी येई, तेव्हा तो थांबे, आणि मागे फिरला की पुढे सांगे.

"तुझे वडील गेले, तेव्हा माझ्या माहेरची पालखी आली होती," ती म्हणाली. "वेस उघडी होती. मला कुणी अडवलं नव्हतं. मी माझ्या मनानं राहिले, सुकेतू. म्हणून ती सगळी वर्षं मला गोड लागली. हे राहणं मला फार कडू लागतं रे."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तू आत कधी आलास?"

आई जाईल म्हणून तो भ्याला होता, आणि त्या भीतीपायी तिच्याजवळ बसायचे सगळे दिवस त्याने दाराबाहेर घालवले होते. ते आता परत येणार नव्हते. दांडे पुन्हा ओवले तरी ते दिवस येणार नव्हते.

आईने चाचपत त्याचा हात धरला. तिच्या बोटांना काटा लागला.

"हे काय लागलं?"

"बाभळीचा काटा आहे. निघत नाही."

तिने त्याच्या लहानपणी काढायची तसा तो नखांनी धरून काढून पाहिला. निघाला नाही. मग ती नुसतीच त्या जागेवर बोट फिरवत राहिली.

"आई, मी दांडे ओवायला गेलो, तर त्या घडीला इथे नसेन."

"ठाऊक आहे."

"मला तुझ्याजवळ राहायचं होतं."

"आता बसला आहेस ना, तेवढं पुरे. बाळ तिकडे कोंडलं आहे. ऊठ."

त्या राज्यात निघणाऱ्या माणसाला कुणी 'जा' म्हणत नसे, जसे आपल्याकडेही म्हणत नाहीत. राजा उठला, दारापर्यंत गेला, मागे फिरला आणि त्याने आईच्या पायांवर डोके ठेवले.

"ये, आई," तो म्हणाला.

"येते हं," आई म्हणाली.

तिसरी वस्तू, तो निरोप, मनाने देऊन राजा चालत देवळात आला. पळाला नाही, आणि पाऊल ओढलेही नाही. त्याने पहिला दांडा उचलून कडीला लावला. तो एका कडीतून शिरला, दुसरीतून बाहेर आला. सोन्याला सोने घासल्याचा हलकासा आवाज झाला. त्याने दुसरा दांडा लावला. तोही शिरला, आणि पडद्याबाहेर पहिल्यासारखीच दोन टोके वीतभर डोकावली.

त्याच वेळी राजाच्या तळव्यातून काहीतरी सुटले. त्याने खाली पाहिले. दगडी फरशीवर बाभळीचा काटा पडला होता. कुणी ओढला नव्हता, आपणहून निघाला होता.

आई निघाली, हे राजाला कळले. तो पेटीपुढे बसला आणि इतके दिवस साचलेले पाणी त्याच्या डोळ्यांतून वाहू लागले. बाहेर साऱ्या नगरात लोक एकदमच रडू लागले होते, कुणी कशासाठी, कुणी कशासाठी. नदी हलली. गोठ्यागोठ्यांत दूध उतरले. करकोचे उठले आणि त्यांची सावली देवळावरून गेली. बाभूळवनात सुगरणीची चारही पिल्ले उडाली. ती थोडा वेळ रिकाम्या फांदीवर बसली, मग तीही उडाली. धर्मशाळेतून कालंजर कुणाचाही निरोप न घेता जो सुटला, तो वेस ओलांडेपर्यंत थांबला नाही. आणि राजमातेच्या खोलीतला धूर खिडकीतून बाहेर पडला, तेव्हा दासीने पाहिले, की त्यांचा श्वास यावेळी मागे फिरला नव्हता.

राजा महालात पोचला, तेव्हा एका दाराशी दासी पदर तोंडाला लावून उभी होती, आणि दुसऱ्या दारातून तान्ह्या मुलीचे रडणे येत होते. आधी कोणत्या दारात जावे, हे त्याला कळेना. तो दोन्हींच्या मध्ये उभा राहिला. शेवटी राणीनेच बाळाला दुपट्यात गुंडाळून सुइणीबरोबर बाहेर पाठवले आणि सांगितले, "आधी आजीला दाखवा म्हणावं." लेकीला घेऊन राजा आईजवळ गेला. आईचे हात अजून उबदार होते, एवढेच काय ते त्याला मिळाले.

लेकीचे नाव धारिणीच ठेवले.

त्यानंतर लोक वाट पाहू लागले, की आता देव निघणार. ज्याला कोंडले होते, तो कशाला थांबेल? दांडे तर तयारच होते. राजाने रस्ते झाडून ठेवले, पेटी उचलायला चार भोई सांगून ठेवले. रोज सकाळी तो गाभाऱ्यात जाई, आणि रोज पेटी तिथेच असे. ऋतू उलटले. वाट मोकळी होती, आणि देव थांबला होता. आपल्या मनाने थांबला होता. राजाला ते पाहून हायसे वाटे आणि मग आईची आठवण होई. तिची वाट अडवायचे काहीच कारण नव्हते. आणखी चार दिवस ती आपल्या मनानेही राहिली असती कदाचित, आणि ते चार दिवस त्यांनी बोलत घालवले असते.

लहानगी धारिणी एकदा पडद्याशी खेळताना दांड्याच्या टोकाला अडखळली. गुडघा चोळत म्हणाली, "बाबा, हे काढून का नाही टाकत?"

"काढले, तर देव राहिला आहे की अडकला आहे, ते कळत नाही," राजा म्हणाला. आर्यक तेव्हा फार थकला होता. कोपऱ्यात बसल्या बसल्या तो म्हणाला, "असं कारण आहे होय!"

धारिणी मोठी झाली. तिचे लग्न दूरच्या राज्यात ठरले. निघायच्या दिवशी शालू नेसून ती देवळात आली, दांड्याच्या टोकाला तिने कपाळ टेकवले आणि मग वडिलांसमोर उभी राहिली. बाहेर पालखी होती. सुकेतूचे केस आता पांढरे झाले होते. हाताच्या तळव्यावर काट्याचा बारीक व्रण होता. बोलायचे काही सुचले नाही, की तो त्यावर अंगठा फिरवी. आत्ताही फिरवत होता.

"येते, बाबा."

राजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मृगावती त्याच्याकडे बघत होती.

"ये," तो म्हणाला, आणि वेशीपर्यंत पालखीबरोबर चालत गेला.

पेटीचे दांडे कड्यांत आहेत, देव अजून त्या राज्यात मुक्कामाला आहे. कहाणीचा मुक्काम मात्र इथवरच होता. तुमच्या दारी ती बसली, आता तिला निरोप द्या.